गोणपाटावर शंभर बिया

नववीच्या वर्गात शिक्षकांनी उभे केले की त्याची मान खाली जाते. उत्तर येत असते, पण ओठांपर्यंत येता येता विरून जाते, आणि मागच्या बाकावर कुणी खुदकन हसले तर आलेला शब्दही परत गिळला जातो. हाच मुलगा संध्याकाळी गोठ्यात वेगळाच असतो. कोणती शेळी आज चाऱ्याला तोंड लावत नाही, कोणत्या करडाला हगवण लागली आहे, म्हैस पान्हा का चोरते आहे, हे वडिलांच्या आधी त्याच्या ध्यानात येते. खेड्यातल्या बहुतेक शाळांत असा एखादा मुलगा किंवा अशी एखादी मुलगी सापडते. त्यांना भाषण कसे करावे हे शिकवण्याची घाई नसते. त्यांना ठाऊक असलेले कुणीतरी लक्ष देऊन ऐकावे, एवढीच आधी गरज असते.

शेतकरी मुलामुलींचे मंडळ हे ऐकण्याचे ठिकाण होऊ शकते. कल्पना सव्वाशे वर्षांची आहे आणि तिचा जन्म एका शाळाधिकाऱ्याच्या खटाटोपातून झाला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात स्प्रिंगफील्ड येथे १९०२ च्या जानेवारीत ए. बी. ग्रॅहम यांनी सुमारे तीस मुलामुलींना न्यायालयाच्या इमारतीच्या तळघरात जमवले. बसायला दुसरी जागा नव्हती. मुलांनी तिथे लिटमस कागदाने मातीची आम्लता तपासली, मक्याचे बियाणे पारखले, घरच्या शेतातले नमुने आणून एकमेकांना दाखवले. पुढे अशा मंडळांची संख्या वाढली आणि त्यांतून ‘फोर-एच’ ही चळवळ उभी राहिली. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार गोष्टींसाठीचे इंग्रजी शब्द ‘एच’ अक्षराने सुरू होतात, म्हणून हे नाव आणि म्हणूनच चार पानांचे हिरवे बोधचिन्ह. करता करता शिकायचे, हा तिचा पहिल्यापासूनचा नियम.

दक्षिणेकडच्या साउथ कॅरोलायना राज्यातली हकिकत जास्त बोलकी आहे. तिथे मुलांसाठी मका मंडळे निघाली होती. एकेका मुलाला एक एकर जमीन मिळे आणि नव्या पद्धतीने मका घेऊन दाखवायचा असे. नव्या पद्धतीवर वडीलधाऱ्यांचा विश्वास नव्हता, पण मुलाचे पीक डोळ्यांसमोर उभे राहिले की तेही बांधावर येऊन विचारू लागत. १९१० साली जेरी मूर नावाच्या मुलाने एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक मका काढला. आपल्या मापाने हे सुमारे ५८ क्विंटल होतात. मुली मात्र या सगळ्याबाहेर होत्या. एकेन येथील मेरी क्रोमर या शिक्षिकेला ते खटकले आणि त्याच वर्षी तिने मुलींचे टोमॅटो मंडळ सुरू केले. प्रत्येकीने एक दशांश एकर, म्हणजे बरोबर चार गुंठे, टोमॅटो लावायचे. रोप, खत, तोडणी, हिशेब, सगळे तिचेच. पीक हाताशी आले की मुली एकत्र जमत, टोमॅटो उकळून डब्यांत भरत आणि विकत. आलेला पैसा लावणारीच्या हाती जाई. घरच्या कामाचा मोबदला म्हणून काही मिळण्याची सवय नसलेल्या मुलीला आपल्या चार गुंठ्यांचे पैसे स्वतः मोजायला मिळाले, याचे मोल त्या रकमेहून कितीतरी मोठे होते.

इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या हेमियॉक गावी १९२१ मध्ये अशाच मंडळाची सुरुवात वासरांपासून झाली. मुलांनी वासरे सांभाळायची, वाढवायची. आज इंग्लंड आणि वेल्समधल्या ‘यंग फार्मर्स क्लब’चे सभासद १० ते २८ वर्षांचे असतात आणि त्यांच्या स्पर्धांत जनावरे पारखण्याची एक स्पर्धा असते. आपल्याकडच्या मंडळांनी तिची पद्धत जशीच्या तशी घ्यावी, इतकी ती सरस आहे.

पद्धत अशी. चार गाई, मेंढ्या किंवा डुकरे एका रांगेत उभी करतात आणि प्रत्येकीला एक अक्षर देतात. स्पर्धक त्यांच्याभोवती फिरून, पुढून मागून बघून त्यांचे पहिला ते चौथा असे क्रम लावतो. इथवर काम निम्मेच झाले. मग परीक्षकासमोर उभे राहून दोनेक मिनिटांत कारणे सांगायची: ही पहिली का, ती दुसरी का, आणि चौथीत काय कमी पडले. क्रम चुकला तरी कारणे नीट दिली तर गुण मिळतात. ज्याची सभेत बोबडी वळते, तो मुलगाही इथे बोलतो, कारण समोर उभ्या गाईची कास, सड, पाय आणि खूर त्याला दिसत असतात. शब्द शोधायला त्याला डोक्यात जावे लागत नाही, ते समोरच उभे असतात. अशी पारख चार-पाच वेळा झाली की ‘मला बोलता येत नाही’ हा समज मुलाच्या नकळत गळून पडतो.

या गोष्टी मोजण्याचाही प्रयत्न झाला आहे. टफ्ट्स विद्यापीठाचे रिचर्ड लर्नर यांनी २००२ पासून अमेरिकेतल्या ४२ राज्यांतील सात हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. वाढीच्या पाच खुणा त्यांनी धरल्या: कुवत, आत्मविश्वास, माणसांशी जोड, चारित्र्य आणि आस्था. फोर-एचमधली मुले समाजाच्या कामात इतरांहून खूपच जास्त भाग घेताना आढळली. मुळात उत्साही मुलेच मंडळात येतात, अशी शंका यावर घेता येते आणि ती रास्त आहे. पण आत्मविश्वास आणि माणसांशी जोड या दोन्हींना त्या यादीत शेजारी शेजारी जागा मिळाली, आणि प्रत्यक्षातही तसेच घडते.

आता प्रश्न आपल्या गावाचा. दहावी-बारावीनंतर बरोबरीची बरीचशी मुले पुण्याला, नाशिकला, एखाद्या एमआयडीसीत निघून जातात. मागे राहिलेला वस्तीवर एकटा पडतो. दिवसभर शेतात, रात्री मोबाइलवर. गावात गणेश मंडळ असते, क्रिकेटचा संघ असतो, पण शेतीतल्या अडचणी बोलायला समवयस्क कुणी नसते. आणि शेती हा एकट्याने करायचा धंदा आपल्याकडे कधीच नव्हता. पेरणीला, कापणीला आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे अशी सावड होत असे. नांगरटीला शेजारपाजारचे औत मागवून इर्जिक घातले जाई. मंडळ काढू पाहणाऱ्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांना या दोन शब्दांविषयी आवर्जून विचारावे. मंडळाचा अर्धा आराखडा त्या गप्पांतच मिळेल.

सुरुवात लहान ठेवावी. दहा ते पंधरा सभासद पुष्कळ झाले. वय साधारण १३ ते २०. पहिल्याच सभेला पन्नास जण जमले तर आनंद वाटतो, पण पन्नासांत बुजरे मूल पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसते. बाराजणांच्या वर्तुळात मागचा बाक नसतो. भेट ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, शाळेच्या आवारात किंवा मंदिराच्या ओसरीवर, उजेड असताना व्हावी. वेळ दिवसाची आणि जागा उघड्यावरची असली तर मुलींच्या घरचेही हरकत घेत नाहीत. एखादी शिक्षिका, आशाताई किंवा कुणाची आई सोबत असावी.

अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार निवडावेत, पण तीन-तीन महिन्यांसाठीच, आणि ही कामे प्रत्येकाच्या वाट्याला यावीत. सभा कशी चालवायची हे शिकायला लांब जायला नको. बहुतेकांची आई बचत गटात असते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी ही गटाची पंचसूत्री तिला पाठ असते. पहिल्या सभेला तिलाच बोलवावे आणि इतिवृत्त कसे लिहितात ते तिच्याकडून समजून घ्यावे. मुलाने आईकडून हे शिकण्याचा योग एरवी फारसा येत नाही.

मार्गदर्शनाची सोय जवळच असते. गावचा सहायक कृषी अधिकारी असतो आणि बहुतेक जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्र आहे. कृषी महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावोगावी येतात. वर्तमानपत्रांत ज्यांचा उल्लेख ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ असा होतो, तेच हे. ते चार-पाच वर्षांनीच मोठे असतात, त्यामुळे मुले त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात. नाबार्डनेही १९८२ पासून शेतकरी मंडळांची कल्पना बँकांमार्फत राबवली. आणि काम करत शिकणे पाहायचेच असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम पाहून यावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. तिथल्या अभ्यासक्रमात शाळेची मुले आठवड्यातला एक दिवस शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा आणि गृह-आरोग्य या विभागांत हाताने काम करतात.

पहिला उपक्रम कोणता घ्यावा, यावर बरेच उत्साही लोक अडखळतात. सहल, व्याख्यान, वृक्षारोपण, सत्कार. यांपैकी काहीही घेऊ नये. घरच्या बियाण्याची उगवण तपासावी.

मे महिन्याच्या शेवटी सोयाबीनचे घरचे बियाणे प्रत्येकाने थोडे थोडे आणावे. गोणपाटाचा तुकडा भिजवून पसरावा. न निवडता, हाताला येतील तशा शंभर बिया दहा-दहाच्या दहा ओळींत, एकमेकींपासून दीड-दोन सेंटिमीटरवर मांडाव्यात. वरून दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी आणि ओल टिकावी म्हणून अधूनमधून पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून चांगले कोंब आलेल्या बिया मोजाव्यात. सत्तर किंवा अधिक उगवल्या तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरायला हरकत नाही. कमी उगवल्या तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे, आणि फारच कमी असतील तर दुसरे बघावे. खर्च जवळपास शून्य. पण त्या संध्याकाळी प्रत्येक मूल घरी जाऊन वडिलांना एक आकडा सांगते, आणि त्या आकड्यावर घरातला एक निर्णय ठरतो. ओहायोतल्या तळघरातही मुले हेच करत होती.

पुढे प्रत्येक सभासदाची स्वतःची म्हणावी अशी एक गोष्ट असली पाहिजे. एक गुंठा भाजीपाला, चार परसातल्या कोंबड्या, एक उस्मानाबादी करडू, शंभर रोपांची छोटी रोपवाटिका, काहीही. इथे एक बाब फार जपायला हवी. गावात ज्यांच्या घरी जमीन नाही, त्यांची मुलेही मंडळात यावीत. शेतमजुराची मुलगी कोंबड्या पाळू शकते, ट्रेमध्ये मिरचीची रोपे करू शकते, शाळेच्या आवारातला एक वाफा सांभाळू शकते. अशी सोय पहिल्या दिवशीच केली नाही तर मंडळ फक्त सातबाऱ्यावर नाव असलेल्या घरांचे होते आणि गावातल्या जुन्या भिंती पुढच्या पिढीत तशाच उभ्या राहतात. ज्यांना मैत्रीची ओढ सर्वांत जास्त असते, नेमकी तीच मुले मग बाहेर राहतात.

प्रत्येकाची एक वही असावी. तारीख, काय केले, किती खर्च आला, काय दिसले. करडाचे दर पंधरवड्याचे वजन, रोपांची मर, अंडी. गावात कापूस असेल तर गुलाबी बोंडअळीच्या पतंगांची मोजदाद हे मंडळाचे सामाईक काम होऊ शकते. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावायचे आणि रोज सकाळी त्यांतले पतंग मोजायचे. सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ किंवा अधिक पतंग दिसले तर धोक्याची पातळी ओलांडली, असे मानतात. हे शेतकऱ्यांना कळवण्याचे काम दर आठवड्याला वेगळ्या मुलाकडे द्यावे. पारावर बसलेली मंडळी एक दिवस हाक मारून विचारतील, ‘काय रे, आज किती पतंग?’ त्या प्रश्नाने मुलाचे पाऊल बदलते.

फवारणीच्या पंपाला मात्र अठरा वर्षांखालच्या कुणीही हात लावू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते विसरण्याजोगे नाही. ट्रॅक्टर आणि विहीर यांबाबतही हाच नियम.

महिन्यातून एकदा शिवारफेरी व्हावी. सगळ्यांनी मिळून एका सभासदाच्या शेतात, गोठ्यात किंवा वाफ्यावर जायचे, आणि त्या दिवशी बोलणार फक्त तो किंवा ती. पाच मिनिटे पुरतात. काय लावले, काय बिघडले, पुढे काय करणार. बाकीच्यांनी एकेक प्रश्न विचारायचा. मोठ्यांनी मध्ये बोलायचे नाही, हा नियम कठोरपणे पाळावा. उत्तर सुचत नसले की आपल्याकडे लगेच कुणीतरी काका ते पूर्ण करतात, आणि मुलाचे बोलणे तिथेच खुंटते. थोडी शांतता सोसावी. अर्ध्या मिनिटाने मूल स्वतःच वाक्य पुरे करते.

बोलण्याची पायरी हळूहळू वाढवता येते. आधी बारा जणांत, मग शाळेत १ जुलैच्या कृषी दिनी, आणि तयारी असली तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वहीतल्या नोंदी वाचून दाखवायच्या. हिवाळ्यात जनावरांची पारख. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत, सातारा जिल्ह्यात पुसेगावच्या यात्रेत नामांकित जनावरे येतात. तिथे मुलांना घेऊन जावे, मालकाची परवानगी घेऊन चार जनावरे निवडावीत, त्यांना अ, ब, क, ड म्हणावे आणि प्रत्येकाकडून क्रम व कारणे ऐकावीत. ‘क पहिली, कारण तिची कास पोटाला धरून आहे, चारी सड सारखे आहेत, ड चौथी, कारण मागचे पाय गुडघ्यांत घासतात.’ एवढे ठामपणे सांगणारी मुलगी सहा महिन्यांपूर्वी हजेरीलाही नीट ‘हजर’ म्हणत नव्हती, हे तिच्या शिक्षकांना खरे वाटणार नाही.

मैत्रीसाठी वेगळा कार्यक्रम लागत नाही. ती सावडीतून होते. एकाच्या शेळ्यांसाठी गव्हाण बांधायची असेल तर सगळ्यांनी रविवारी दोन तास जावे. एकीची रोपे विकायला बाजारात दोघींनी बसावे. भाकरी एकत्र खावी. दोन माणसांनी मिळून एक मेख जमिनीत ठोकली की त्यांना एकमेकांशी बोलायला विषय शोधावा लागत नाही. तोंडाकडे बघून बोलणे ज्यांना अवघड जाते, अशा मुलांना हातात काम असताना बोलणे सोपे जाते, हे प्रत्येक शेतकऱ्याने खुरपणीच्या पातीवर अनुभवलेले आहे.

मंडळाची खरी कसोटी मात्र नुकसानीच्या वेळी लागते. करडू मरते, रोपे बुरशीने कोलमडतात, अवकाळी पावसात कोथिंबीर जाते. ज्याचे नुकसान झाले तो पुढच्या बैठकीला येत नाही, कारण त्याला लाज वाटते. त्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जावे. वही घेऊन यायला सांगावे, आणि बैठकीत त्याची नोंद सर्वांत आधी वाचावी: काय झाले, कधी लक्षात आले, तेव्हा काय करता आले असते. त्यावर कुणी हसायचे नाही. यशाच्या गोष्टीपेक्षा या नोंदींतून बाराजण जास्त शिकतात, आणि ज्याचे करडू गेले त्याला कळते की तो एकटा नाही. असे घडले की मंडळ रुजले म्हणावे.

गावातल्या गटातटांपासून मंडळ दूर ठेवावे. कुठल्याही पुढाऱ्याचे छायाचित्र असलेला फलक लावू नये, मदत देऊ केली तरी. महिन्याला दहा-वीस रुपये वर्गणी आणि रोपांच्या विक्रीतून आलेले पैसे यांवर मंडळ सहज चालते. मोठ्या बक्षिसांचीही गरज नाही.

मंडळात आलेली सगळी मुले शेतकरी होतील, अशी अपेक्षा बाळगू नये. अमेरिकेतल्या ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ या विद्यार्थी संघटनेने १९८८ मध्ये आपले नाव बदलून ‘नॅशनल एफएफए ऑर्गनायझेशन’ केले. सभासद पुढे शिक्षक, पशुवैद्य, शास्त्रज्ञ, उद्योजकही होतात, हे त्यामागे होते. याच संघटनेत मुलींना राष्ट्रीय पातळीवर सभासदत्व मिळायला १९६९ उजाडावे लागले. ती चूक आपण सुरुवातीलाच टाळू शकतो.

वाचकांपैकी कुणी शिक्षक असेल, कुणी आजोबा, कुणी गावात मागे राहिलेला विशीतला तरुण. त्यांनी परवानगीची, निधीची, उद्घाटनाची वाट पाहू नये. येत्या मे महिन्यात गोणपाटाचे दोन तुकडे घ्यावेत, शेजारच्या तीन मुलांना बोलवावे, आणि वर्गात कधीच न बोलणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शंभर बिया मोजायला सांगाव्यात.